किल्ली कोणी बाळगायची?

शाळेत जाणाऱ्या कोणत्याही शिक्षकाचा खिसा किंवा शिक्षिकेची पर्स रिकामी करून पाहिली, तर चार-पाच किल्ल्या सहज निघतील. घराची एक, गाडीची एक, घरातल्या कपाटाची एक, शाळेतल्या कपाटाची एक. प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय सांभाळायला दिलेले असेल तर आणखी दोन. या किल्ल्या खिशाला भोक पाडतात, पर्सच्या तळाशी जाऊन बसतात आणि पाऊस कोसळत असताना दाराशी उभे राहून शोधू लागलो की हटकून सापडत नाहीत. हरवली तर सगळे घर पालथे घालावे लागते.

अगदी उलट प्रकारची एक किल्ली हस्तकलेच्या पुस्तकांत पाहायला मिळते. ती असते टॅटिंगच्या लेसची. टॅटिंग म्हणजे होडीच्या आकाराच्या छोट्या धोट्याने एका धाग्यावर दुसऱ्या धाग्याच्या जोडगाठी मारत विणलेली नाजूक लेस. तिच्यात फुले, पाने, फुलपाखरे विणतात, तशाच किल्ल्याही विणतात. पुस्तकात खूण म्हणून ठेवायला किंवा भेटकार्डावर चिकटवायला ही किल्ली छान दिसते. तिला वजन नाही, टोक नाही, ती खिशाला भोक पाडत नाही. पण ती काही उघडतही नाही.

मग जी खरोखर उघडते तीच एवढी त्रासाची का? आणि एवढा त्रास होत असूनही माणसाने ती हजारो वर्षे का बाळगली? या प्रश्नांचे उत्तर शोधताना इतिहास, यंत्रशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांत डोकावावे लागते. म्हणूनच हा विषय शिक्षकांसमोर ठेवावा असे आम्हांला वाटले.

अडसर : किल्ली नसलेले दार

महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांचे दिंडी दरवाजे अनेकांनी पाहिले असतील. दाराच्या आतल्या बाजूला दोन्हीकडच्या भिंतींत चौकोनी भोके असतात. एका भोकात लांबलचक लाकडी अडसर सरकवून ठेवलेला असतो. रात्री तो बाहेर ओढून दारामागून आडवा न्यायचा आणि समोरच्या भोकात घालायचा. बाहेरून कितीही धक्के दिले तरी ते दाराला बसत नाहीत, दोन्ही भिंतींना बसतात. अडसरालाच आगळ असेही म्हणतात. संस्कृतातल्या 'अर्गला' या शब्दापासून तो आला आहे.

अडसराला किल्ली लागत नाही, त्यामुळे ती बाळगावी लागत नाही आणि हरवतही नाही. मजबुतीतही तो अनेक कुलपांना भारी आहे. त्याची अडचण एकच. तो आतूनच लावता येतो आणि आतूनच काढता येतो. म्हणजे घर बंद ठेवायचे तर कोणीतरी घरात थांबलेच पाहिजे. मोठ्या वाड्यात देवडीवर पहारेकरी असे. साध्या घरात म्हातारी माणसे, घरातली बाई किंवा मोठी मुलगी थांबे.

किल्लीची गरज इथून सुरू होते. सगळ्यांना घराबाहेर पडायचे असेल आणि तरीही दार बंद राहायला हवे असेल, तर आत थांबलेल्या माणसाचे काम कशावर तरी सोपवावे लागते. दार कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी नाही, हे ठरवणे म्हणजे ते काम. कुलूप हा त्या माणसाचा बदली कामगार आहे आणि किल्ली ही त्या बदलीला पटवायची ओळख आहे. किल्ली बाळगण्याचा त्रास म्हणजे सगळ्यांना बाहेर पडता येण्याची किंमत. पुढचा सारा इतिहास ही किंमत कमी कशी करायची याचा आहे.

गाठ आणि शिक्का

कुलपाच्याही आधी माणसाने वस्तू बंद करण्यासाठी गाठ वापरली. दोर गुंडाळून गाठ मारायची, गाठीवर ओली माती किंवा लाख लावायची आणि तिच्यावर आपला शिक्का उमटवायचा. १९२२ साली इजिप्तमध्ये तूतनखामून राजाचे थडगे सापडले. त्यातल्या लाकडी देव्हाऱ्यांपैकी एकाच्या दाराच्या कड्यांना बांधलेला दोर, त्याच्या गाठी आणि मातीचा शिक्का हे सगळे तीन हजारांहून अधिक वर्षे जसेच्या तसे राहिलेले होते.

दोर कापणे सोपे असते. मग अशा गाठीचा उपयोग काय? शिक्का चोराला थांबवत नाही. कोणी उघडले असेल तर तो ते सांगतो. मराठेशाहीतल्या पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवीत असत. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही घुसडलेले नाही, याची ती खूण होती. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण अजून वापरतो. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांना तर हे वेगळे सांगायला नको. मतदान संपल्यावर यंत्राच्या पेटीला दोरा, पत्त्याची चिठ्ठी, लाख आणि सही लागतेच. इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या काळातही इजिप्तची ती जुनी युक्ती सुटलेली नाही.

टॅटिंगची लेस ही याच गाठीची नात म्हणता येईल. या विणकामात एक मजेदार गोष्ट असते. बोटांवरच्या धाग्याची गाठ धोट्यातल्या धाग्याभोवती बसली, तर ती त्याच्यावर सरकते आणि शेवटी धागा ओढला की कडे छान मिटते. उलट, धोट्याच्या धाग्याने बोटावरच्या धाग्याला वेढा दिला, तर गाठ तिथेच अडकते आणि कडे मिटत नाही. धागे तेच, वेढाही तेवढाच. फक्त कोणी कोणाला वेढले यावर सरकणे किंवा अडकणे ठरते. कुलपातही नेमके हेच चालते. योग्य मांडणी झाली की भाग सरकतात, नाही तर अडकतात.

खांद्यावरची किल्ली

किल्लीने उघडणाऱ्या सर्वांत जुन्या कुलपांपैकी एक इराकमधल्या खोर्साबाद येथे मिळाले. तिथे असिरियाच्या दुसऱ्या सार्गोन राजाचा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला राजवाडा होता. इजिप्तमध्येही अशी लाकडी कुलुपे वापरात होती. त्यांची रचना समजायला सोपी आहे. दाराचा लाकडी दांडा आडवा सरकतो. त्याच्या वरच्या ठोकळ्यात काही खुंट्या सैल बसवलेल्या असतात. दांडा बंद जागी आला की खुंट्या आपल्या वजनाने दांड्यातल्या भोकांत पडतात आणि दांडा अडकतो. किल्ली म्हणजे एक लांब लाकडी पट्टी. तिच्या टोकाला त्या भोकांच्या मांडणीप्रमाणे दाते बसवलेले असतात. ती पोकळ दांड्यात घालून वर उचलली की दाते खुंट्यांना एकदम वर ढकलतात आणि दांडा मोकळा होतो.

यात गुरुत्वाकर्षणाचा किती सहज उपयोग केला आहे पाहा. पण मोठ्या दारांसाठी अशी किल्ली हातभर लांब होई. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात किल्ली खांद्यावर ठेवण्याचा उल्लेख येतो. आपल्याला तो अलंकारिक वाटतो. त्या काळच्या किल्ल्या डोळ्यांसमोर आणल्या की त्यातला व्यवहार कळतो.

रोमन लोकांनी कुलूप-किल्ली धातूची केली. धातू मजबूत असल्यामुळे किल्ली लहान करता आली. रोमन कपड्यांना खिसे नव्हते, म्हणून छोट्या पेट्यांच्या किल्ल्या चक्क अंगठीला जोडून बोटात घालीत. अशा अंगठ्या युरोपातल्या अनेक वस्तुसंग्रहालयांत आहेत.

आपल्याकडेही जुन्या पोशाखाला खिसे नव्हते. मग किल्ली कुठे ठेवायची? धोतराच्या किंवा लुगड्याच्या कनवटीला, कमरेच्या करगोट्याला, जानव्याला, नाहीतर पदराच्या टोकाला गाठ मारून. म्हणजे लोखंडाची किल्ली सांभाळायला पुन्हा दोऱ्याची गाठच उपयोगी पडली. सुखवस्तू घरांत चांदीचा छल्ला असे. तो कमरेला खोचायचा आणि त्याला किल्ल्यांचा जुडगा अडकवायचा. त्या जुडग्याचा आवाज म्हणजे घरातल्या कर्त्या बाईची चाहूल. सासूने सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणजे कारभार दिला, हे सांगावे लागत नसे. ओझे होते, पण त्या ओझ्याबरोबर अधिकारही येत होता.

आपल्या भाषेनेही किल्लीचा प्रवास जपून ठेवला आहे. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला, तर 'चावी' पोर्तुगिजांच्या 'शावे'वरून. अडसर आपला, कुलूप अरबी आणि चावी पोर्तुगीज. एकाच दारावर तीन भाषा आहेत.

पेटीत काय आहे?

कुलूप चोरापासून मालाचे रक्षण करते, असे आपण मुलांना सांगतो. पण कुलपात काय आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हेही विचारले पाहिजे. बारामती तालुक्यातले सुपे हे गाव त्या काळी भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी तिथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखले जातात.

या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख पैशांवर नव्हता, तर कागदांवर होता. कर्जरोखे, खतपत्रे आणि हिशेबाच्या वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या, असे ठिकठिकाणी घडले. शेतकऱ्याने अंगठा दिलेला कागद सावकाराच्या पेटीत बंद असे. त्यात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नसे आणि पेटीची किल्लीही त्याच्याकडे नसे. आपले शेत ज्या कागदाने जाऊ शकते तो कागद दुसऱ्याच्या कुलपात, अशी ही स्थिती होती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यात शेतकऱ्यांच्या कर्जरोख्यांची नोंद सरकारी निबंधकासमोर करणे आवश्यक ठरवले गेले. विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर हा बदल मोठा आहे. कागदाची सुरक्षितता आता एका पेटीवर आणि एका माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहिली नाही. दुसऱ्या ठिकाणी नोंद झाली, त्यामुळे कागद बदलला तर ते पकडता येऊ लागले. शिक्क्याचे जे काम आपण वर पाहिले, तेच इथे नोंदवहीने केले.

गुरुकिल्लीचा धोका

रोमन काळापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपातली बहुतेक कुलुपे अडथळ्यांची होती. कुलपाच्या आत लोखंडी पट्ट्यांचे अडथळे असत आणि ते टाळून फिरेल अशा खाचा किल्लीला पाडलेल्या असत. ही किल्ली दिसायला भारी नक्षीदार, पण तिचे खरे काम फक्त टोक करते. मधला सारा भाग कापून नुसते टोक ठेवले, तर कोणताच अडथळा आड येत नाही आणि एका किल्लीने अनेक कुलुपे उघडतात. ही झाली गुरुकिल्ली. परीक्षेच्या दिवसांत हा शब्द आपल्याला फार ऐकू येतो. सगळी दारे उघडणारी किल्ली कुलपाच्या दृष्टीने चांगली गोष्ट नाही, एवढे त्या निमित्ताने मुलांना सांगता येईल.

१७७८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने यावर उपाय काढला. त्याच्या कुलपात लिव्हर म्हणजे उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवरच उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तरी कुलूप अडते, जास्त उचलली तरी अडते. १७८४ साली जोसेफ ब्रामा याने आणखी अवघड रचनेचे पेटंट घेतले. त्याची किल्ली लहानशा नळीसारखी होती. पुढे त्याच्या लंडनच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून, ते किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी देऊ, अशी पाटी लावली गेली.

ती पाटी अनेक दशके तशीच राहिली. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या कारागिराने आधी चब कंपनीचे प्रसिद्ध कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग ब्रामाचे कुलूप हाती घेतले. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम केल्यावर तेही उघडले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. कुलपांचे दोष असे उघड केले तर चोरांचे फावेल, असे काहींचे म्हणणे पडले. चोरांना ते आधीच ठाऊक असतात, अंधारात राहतात ते फक्त गिऱ्हाईक, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते.

हा वाद विज्ञानाच्या शिक्षकांना जवळचा वाटावा. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स याने सांकेतिक लिपीबद्दल लिहिताना याच विचाराला नेमके रूप दिले. रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती किल्ली. आज बँकेचा व्यवहार मोबाइलवर सुरक्षित राहतो तो याच तत्त्वावर. त्याची गणिती पद्धत जगाला माहीत असते, किल्लीचा आकडा मात्र कोणाला माहीत नसतो.

चपटी किल्ली आणि थोडे गणित

जुन्या किल्ल्या लांब आणि जड असण्याचे एक साधे कारण होते. किल्लीलाच दाराच्या जाडीतून आत पोहोचून दांडा ढकलावा लागे. दार जाड तर किल्ली लांब. अमेरिकेतल्या लायनस येल या बापलेकांनी हा प्रश्न सोडवला. वडिलांनी १८४८ साली खुंट्यांच्या जुन्या कल्पनेवर आधारलेले कुलूप केले. मुलाने १८६१ आणि १८६५ सालच्या पेटंटांतून तिला आजचे रूप दिले. त्याने कुलपाचा ओळख पटवणारा भाग एका छोट्या नळकांड्यात वेगळा काढला. किल्लीने फक्त ते नळकांडे फिरवायचे, दांडा ढकलायचे काम नळकांड्याला जोडलेले भाग करतील. आता दार कितीही जाड असो, किल्ली बोटभर आणि चपटी राहू लागली. ती खिशात मावू लागली.

या कुलपात इजिप्तच्याच खुंट्या आहेत, फक्त प्रत्येक खुंटी दोन तुकड्यांची आहे आणि वरून बारीक स्प्रिंग दाबते. योग्य किल्ली घातली की सगळ्या खुंट्यांचे सांधे नळकांड्याच्या कडेशी एका रेषेत येतात आणि नळकांडे फिरते. एक जरी सांधा वर-खाली राहिला तरी ते फिरत नाही.

समजा कुलपात ५ खुंट्या आहेत आणि प्रत्येक खाचेच्या ६ वेगवेगळ्या खोली शक्य आहेत. मग किती निरनिराळ्या किल्ल्या होतील? पहिल्या खाचेसाठी ६ पर्याय, दुसरीसाठी ६, असे करत ६×६×६×६×६, म्हणजे ७,७७६. एक खुंटी वाढवली तर ४६,६५६. किल्लीचे वजन एखाद्या खाचेएवढेही वाढत नाही, पण शक्यता सहापट होतात. म्हणजे किल्ली ही धातूची वस्तू असली तरी तिच्यातले महत्त्वाचे काय, तर एक संख्या. आपण खिशात वागवतो ती संख्या. पितळ किंवा लोखंड हे तिचे नुसते पाकीट आहे.

हे वर्गात करून पाहता येईल. जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येकीला पेन्सिल जाईल असे एक भोक पाडावे, पण निरनिराळ्या उंचीवर. पट्ट्या एकामागे एक उभ्या धरल्या तर पेन्सिल आरपार जात नाही. मग पायऱ्या-पायऱ्यांचा एक पुठ्ठा कापून पट्ट्यांखाली असा सरकवावा, की सगळी भोके एका रेषेत येतील. पेन्सिल आरपार जाते. पायऱ्यांचा पुठ्ठा ही किल्ली. एका गटाने कुलूप करावे आणि दुसऱ्या गटाने किल्ली शोधावी.

लालबागचे कुलूप

भारतात चांगली कुलुपे बराच काळ परदेशातून येत. मुंबईत आर्देशिर गोदरेज (१८६८–१९३६) यांनी हे चित्र बदलले. ते शिकलेले वकील, पण तो व्यवसाय त्यांना मानवला नाही. आधी त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवून पाहिली. त्यांवर भारतीय बनावटीचा शिक्का उमटवायला खरेदीदार तयार होईना, तेव्हा त्यांनी ते काम सोडले. पुढे मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि १८९७ साली लालबागमध्ये एका शेडमध्ये त्यांनी कुलपांचा कारखाना काढला.

१८९६–९७ या काळात मुंबईत प्लेग होता, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. लाखो लोक शहर सोडून गावी गेले होते. घरात थांबायला कोणी नाही आणि घर तर राखायचे आहे, अशी वेळ एकाच शहरात एवढ्या मोठ्या संख्येने लोकांवर क्वचितच आली असेल. अडसराच्या उपयोगाचा काळ संपला होता.

आर्देशिर यांनी लिव्हरच्या कुलपातला एक दोष हेरला. लिव्हर जागेवर बसवायला स्प्रिंग लागते आणि स्प्रिंग मोडली की कुलूप निकामी होते. त्यांनी स्प्रिंगवर विसंबून न राहणारे कुलूप तयार करून त्याचे पेटंट घेतले. पुढे तिजोऱ्या, कपाटे आली. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्यात लाखो मतपेट्या बनवल्या गेल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावायचे तर खर्च वाढला असता आणि तेवढ्या किल्ल्या कोणी बाळगायच्या हाही प्रश्न होता. म्हणून पेटी आतूनच अडकेल अशी रचना करण्यात आली. किल्ली टाळण्यातही यंत्रशास्त्र असते, ते असे.

दोन किल्ल्या, एकही नाही

किल्ली एकाच माणसाकडे असली की सगळा भार त्याच्यावर येतो, आणि कधी कधी धोकाही. अमेरिकेत दरोडेखोर बँकेच्या अधिकाऱ्याला घरातून पकडून आणून तिजोरी उघडायला लावू लागले. म्हणून १८७३ साली जेम्स सार्जंट याने घड्याळाचे कुलूप केले. ठरलेली वेळ होईपर्यंत ते कोणालाच उघडत नाही, मालकालाही नाही. माझ्याकडे किल्ली नाही, हेच मग त्या अधिकाऱ्याचे संरक्षण झाले.

दुसरा उपाय म्हणजे किल्लीची वाटणी. कोषागाराच्या सुरक्षित खोलीला दुहेरी कुलूप असते आणि दोन अधिकाऱ्यांकडे एकेक किल्ली असते. बँकेच्या लॉकरला एक किल्ली बँकेची आणि एक आपली लागते. बोर्डाच्या परीक्षेत परीरक्षकाचे काम केलेल्या शिक्षकांना या साऱ्याचा अर्थ चांगला कळतो. तिथे कुलूप, सील, वेळ आणि साक्षीदार असे चारही उपाय एकत्र असतात. हा शिक्षकांवरचा अविश्वास नव्हे. उद्या प्रश्नपत्रिका फुटलीच, तर निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व दाखवता यावे, यासाठी ही वाटणी असते.

किल्ली अजिबात नको असेल तर तिच्यातली संख्या डोक्यात ठेवता येते. अक्षरांच्या चकत्या फिरवून उघडणाऱ्या कुलपाचे वर्णन अल-जझारी याने १२०६ सालच्या आपल्या ग्रंथात केले आहे. आपल्या बॅगेच्या तीन चकत्यांच्या कुलपात ००० ते ९९९ असे १,००० आकडे होतात. प्रत्येकाला ३ सेकंद धरले तर सगळे तपासायला ५० मिनिटे पुरतात. म्हणून खिसा हलका झाला तरी आकडे वाढवावे लागतात आणि ओझे स्मरणशक्तीवर येते. आज एटीएमचा आकडा, फोनचा आकडा आणि दर व्यवहाराला नवा येणारा ओटीपी हे सारे मिळून आपण जुडगाच बाळगतो, फक्त तो वाजत नाही.

कुलूपच नको, असे म्हणणारे गावही महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरला श्रद्धेपोटी घरांना दारे-कुलुपे न लावण्याची प्रथा आहे. २०११ साली तिथे एका बँकेने 'कुलूप नसलेली' शाखा उघडली. तिच्या काचेच्या दाराला दुरून चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप होते. ते दिसत नव्हते, इतकेच. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही सुरू झाले. घरात थांबलेल्या माणसाचे काम तिथे श्रद्धेवर सोपवलेले आहे; बँकेला मात्र चुंबक लागला.

कळंबच्या शिवारात

आता पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात येऊ. नीरा नदीच्या कालव्याचे पाणी मिळालेल्या कळंबच्या परिसरात १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. शेतीच्या गावात घरात कोणी ना कोणी असतेच. कारखान्याच्या वसाहतीत तसे नसते. एक जण पहिल्या पाळीला, एक तिसऱ्या पाळीला, मुले शाळेत. एका कुलपाच्या दोन-तीन किल्ल्या लागतात, आणि नाहीच जमले तर किल्ली शेजारी ठेवायची. शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली ही अजूनही आपल्याकडची सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा सर्वांत भरवशाची सुरक्षाव्यवस्था आहे.

पण त्याच उसाच्या पट्ट्यात दर हंगामात कोपी उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे त्यांत राहतात. कोपी म्हणजे बांबू, चटया आणि प्लास्टिकचा कागद. तिला कुलूप लावता येईल असे दार नसते. पहाटे आई-बाप फडात गेले की भांडी, धान्य आणि धाकटी भावंडे राखायला मोठी मुलगी मागे राहते. अडसराच्या काळात जे होते, तेच इथे आजही आहे. दार बंद करता येत नाही, म्हणून एक माणूस आत अडकतो. साखरशाळा काढणाऱ्यांना आणि तिथे शिकवणाऱ्यांना ही मुलगी चांगली माहीत आहे. शाळा कोपीपासून हाकेच्या अंतरावर असली तरी ती येत नाही, कारण तिच्या जागी थांबायला कोणी नसते. नुसत्या कुलपाने हा प्रश्न सुटणार नाही. भावंडांसाठी पाळणाघर हवे, सामानासाठी बंद करता येणारी एखादी खोली हवी, आणि तिची किल्ली बाळगणारा भरवशाचा माणूस हवा. पण गैरहजर मुलीच्या नावापुढे खूण करण्याआधी, ती घरी कशाच्या बदली थांबली आहे, हे एकदा विचारता येईल.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर मुलांना एक सोपे काम द्यावे. घरातल्या सगळ्या किल्ल्यांची यादी करायला सांगावी. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहायच्या. ती काय उघडते, ती कोणाकडे असते आणि ती नसती तर घरी कोणाला थांबावे लागले असते. पहिला रकाना मुले पटकन भरतील. दुसऱ्यावर घरात थोडी चर्चा होईल. तिसऱ्या रकान्यात कोणाची नावे पुन्हापुन्हा येतात, ते सर्वांनी मिळून मोजावे.